बागेतली माती दगडासारखी झालीय, सगळी खणून काढू का?

घरामागची बाग कित्येक वर्षं बंद होती. रविवारी आम्ही अकरा जणांनी पोत्यांनी कचरा काढला. पण जुन्या झाडांखाली कुदळ चालतच नाही, पावसाचं पाणी मुरत नाही. याच झाडांवर चढून मी लहानाची मोठी झाले, ती गमवायची नाहीत.

उत्तर १: झाडांखाली खणू नका, कृपा करून! पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात, कुदळीने तीच तुटतात. वाळका पाला ५ ते १० सेंटीमीटर जाड पसरा, खोडापासून वीतभर लांब; खोडाला चिकटला तर साल कुजते. पुढचं काम गांडुळं करतील. एखाद-दोन वर्षं धीर धरा.

उत्तर २: माती पायांखाली तुडवली गेली की घट्ट होते. लोक आपसूक जिथून जातात तीच वाट आखा, बाकी जागा मोकळी राहील. बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घेतलीत ना? आमची सहा महिन्यांची मेहनत त्यावाचून उखडली गेली, अजून जीव तुटतो.

प्रश्नकर्ती: परवानगी तोंडीच आहे, उद्याच अर्ज देते. पाला जाळायला काढून ठेवला होता, तो आता पसरते.