आरटीएक्स ३०६० लॅपटॉप ८७ डिग्रीला अडकतोय, कोअर +१५० केलं की गेम बंद पडतोय. नेमकं काय करायचं?

वडगाव_माग

नमस्कार मंडळी. १५ इंची लॅपटॉप आहे: ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० ६ जीबी (११५ वॉट, गरजेप्रमाणे वर १५ डायनॅमिक बूस्ट), प्रोसेसर रायझन ७ ५८००एच, अडॅप्टर २३० वॉट. वॉरंटी संपलीय.

जड गेम लावला की पहिली काही मिनिटं झकास. १८५० मेगाहर्ट्झ, १२० वॉट. मग तापमान ८६-८७ ला चिकटतं, वॉट ८५ वर येतात, क्लॉक (चिपचा वेग) १४५० च्या खाली. पंखे तर विमानासारखे. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोअर +१५०, मेमरी +८०० मेगाहर्ट्झ लावून बघितलं. बेंचमार्क पूर्ण होतो, पण गेममध्ये लोडिंग स्क्रीनवरच डेस्कटॉपवर फेकतंय. पॉवर लिमिटची पट्टी हलतच नाही, करड्या रंगाची दिसते.

घर बेळगावच्या वडगावात, दोन्ही बाजूला माग. संध्याकाळी खोलीत ३३ डिग्री असतं. व्हीबायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅश करून, म्हणजे बदलून, वॉट वाढवता येतात म्हणे, ते करू का? की आधी चिपवरची उष्णता वाहणारी पेस्ट बदलू?

टिळकवाडी_कर्व्ह

व्हीबायोसला हातच लावू नको भावा. लॅपटॉपच्या ३० सिरीजला सही केलेलाच बायोस चालतो. बायोस थेट चिपवर लिहिणारा प्रोग्रामर चिमटा लावून जबरदस्ती केलीस आणि फसलं, तर चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते, डेस्कटॉपसारखं कार्ड काढून दुसरं बसवता येत नाही. आणि तुझं दुखणं वॉट कमी पडण्याचं नाहीच. मिळालेले १२० वॉटच तुझा हीटसिंक (चिपची उष्णता ओढणारा तांब्याचा भाग) बाहेर टाकू शकत नाही, म्हणून कार्ड स्वतःहून ८५ वर येतंय. वॉट वाढवून काय करणार? अजून लवकर ८७ ला जाईल, एवढंच.

खात्री करायची तर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेन्सर टॅबमध्ये 'पर्फकॅप रीझन' बघ. 'पीडब्ल्यूआर' म्हणजे वॉटची मर्यादा, 'थर्म' म्हणजे तापमानाची, 'व्हीरेल' म्हणजे व्होल्टेजची. सुरुवातीला पीडब्ल्यूआर आणि पाच-सात मिनिटांनी थर्म दिसेल. सोबत एचडब्ल्यूइन्फो या तसल्याच सॉफ्टवेअरमध्ये 'जीपीयू हॉटस्पॉट'ची, म्हणजे चिपच्या सगळ्यात गरम जागेची, ओळ बघ. साधं तापमान आणि हॉटस्पॉट यात १०-१२ डिग्रीचा फरक चालतो. २० च्या वर असेल तर पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक तिरका बसलाय.

आता लोडिंग स्क्रीनवर का पडतं ते. +१५० लावलं की व्होल्टेज-क्लॉकचा अख्खा आलेख १५० ने वर सरकतो. बेंचमार्कमध्ये कार्ड गरम आणि वॉटला बांधलेलं, म्हणून ते आलेखाच्या मधल्या भागात चालतं आणि निभावतं. लोडिंग स्क्रीनवर भार एकदम हलका होतो, कार्ड उडी मारून आलेखाच्या वरच्या टोकाला जातं, २००० च्या पुढे. तिथे ते टिकत नाही. विंडोज जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) उत्तराची २ सेकंद वाट बघतं, नाही आलं तर ड्रायव्हर रीसेट करतं आणि गेम जातो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्प्ले'च्या नावाखाली ४१०१ नंबर दिसला तर हेच.

कोअर आणि मेमरी दोन्ही एकदम वाढवलंस, त्यामुळे दोष कुणाचा ते कळायचं नाही. दोन्ही शून्यावर आण. आधी साफसफाई, मग कर्व्ह (तोच आलेख हाताने बसवणं), ओव्हरक्लॉक (वेग वाढवणं) सगळ्यात शेवटी.

खडेबाजार_पेचकस

वडगाव म्हटल्यावर पेस्टच्या आधी जाळी बघा. मागाजवळच्या लॅपटॉपमध्ये सुताचे तंतू पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मधोमध बसतात, चक्क नमद्यासारखा थर होतो. वरून पंख्याची पाती स्वच्छ दिसतात, बाहेरच्या जाळीतूनही काही दिसत नाही, आणि बाहेरून हवा मारली तर तो थर अजून घट्ट बसतो. पंखा काढल्याशिवाय निघत नाही. उद्यमबागच्या बाजूला राहणाऱ्यांचं वेगळं: तिथली धूळ फाउंड्रीची, लोखंडाचे कण असतात. ती ब्लोअरने आत उडवायची नाही, ब्रशने ओढून बाहेर काढायची. बोर्डावर बसली तर शॉर्ट.

क्रम असा ठेवा. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढा, तळ उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. मग पंख्याच्या वायरी. कनेक्टर धरून उचला, वायर ओढू नका. पंखे काढून थर चिमट्याने सोलून घ्या. ब्लोअर वापरणार असाल तर पाती बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग जातं आणि तो उलटा करंट बोर्डात सोडतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नकोच, त्यात पाणी आणि तेल असतं.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, बसवताना सुलट्या. प्रत्येक स्क्रू एकदम आवळायचा नाही. आधी सगळे फक्त टेकवा, मग पाव-पाव फेरा देत जा. एक बाजू आधी आवळली की उघड्या चिपचा कोपरा उडतो, आणि मग दुरुस्ती नाही. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपाइल आणि मऊ फडक्याने पुसा. नेलपेंट रिमूव्हर आणू नका.

मेमरी चिपांवरचे उष्णता वाहणारे मऊ पॅड फाटले नसतील तर तेच परत बसवा. बदलायचेच असतील तर जाडी मोजून, ०.५, १ की १.५ मिलिमीटर. 'जाड म्हणजे चांगलं' म्हणून १ च्या जागी १.५ घातला की हीटसिंक चिपपासून उचलला जातो, आणि नवी पेस्ट लावूनही हॉटस्पॉट १०० च्या वर. पेस्ट बदलल्यावर जास्त तापायला लागलं अशा बहुतेक केसमध्ये पॅडच निघतो.

पेस्टचं म्हणाल तर पातळ पेस्ट लॅपटॉपला टिकत नाही. वर झाकण नसलेली चिप, रोज ४० ते ८७ आणि परत खाली, त्यात पेस्ट कडेला ढकलली जाते. घट्ट पेस्ट घ्या, नाहीतर पेस्टऐवजी लावायचं हनीवेलचं पीटीएम७९५० शीट, ०.२५ मिलिमीटर जाडीचं. ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होतं आणि थंड झालं की परत घट्ट. लावण्याआधी १५-२० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे वरची फिल्म नीट सुटते. चिपपेक्षा किंचित मोठं कापा. पहिल्या दिवशी आकडे निराश करतील, आठ-दहा वेळा तापून थंड झाल्यावर खाली येतात. नकली माल भरपूर आहे, दीडशे रुपयांत मोठा तुकडा मिळत असेल तर तो घेऊ नका.

लिक्विड मेटलच्या (पेस्टऐवजी लावतात त्या पातळ धातूच्या) वाटेला जाऊ नका. ॲल्युमिनियम खातं, आणि बॅगेतून फिरणाऱ्या मशीनमध्ये एक थेंब सरकला तर बोर्ड गेला.

निपाणी_२३७

आमच्याकडे तंबाखूची भुकटी. ती कोरडी धूळ नसते, चिकट असते, नुसत्या हवेने जात नाही. टूथब्रश आणि आयसोप्रोपाइल, दुसरा इलाज नाही. आणि संकेश्वर-अथणीकडच्या लोकांनी गाळप हंगाम संपला की एकदा उघडून बघावं, चिपाडाची काजळी खिडकीतून येतेच.

तळ उघडायच्या आधी एक फुकटचं करून बघ: मागच्या दोन पायांखाली बाटलीची टोपणं. दोन सेंटिमीटर उचललं तरी तीन-चार डिग्री फरक पडतो. गादीवर ठेवून खेळत असशील तर बाकीचं सगळं वाचायची गरजच नाही.

वडगाव_माग

आभार. थर्मच दाखवतंय, हॉटस्पॉटचा फरक २४. उघडून साफ करून शीट लावतो. तोवर कर्व्हचं सविस्तर सांगाल का? आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल+एफ दाबून आलेख उघडला, पण कुठला ठिपका धरायचा ते कळेना.

टिळकवाडी_कर्व्ह

२४ म्हणजे आधी पेचकस घे, मग माऊस. वाळलेल्या पेस्टवर काढलेला कर्व्ह नंतर परत काढावाच लागतो.

कर्व्हचं असं. आडव्या बाजूला मिलिव्होल्ट, उभ्या बाजूला मेगाहर्ट्झ. तुझं कार्ड भाराखाली साधारण ८७५ मिलिव्होल्टला १८५० वर असणार, एचडब्ल्यूइन्फोत बघून घे. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात जाते. ८७५ चे ८०० केले की त्याच क्लॉकला कोअरची वीज सुमारे १६ टक्के कमी. क्लॉकही १८५० चा १७५० केला तर एकूण २१ टक्के. १०० मेगाहर्ट्झ सोडून २० वॉटच्या आसपास वाचतात, आणि ते वाचले म्हणून कार्ड १४५० वर कोसळत नाही. आत्ता कागदावर १८५० आहे, पण तू खेळतोस १४५० वरच की.

कृती:

१. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला मोड ठरवून घे. काही लॅपटॉपांचा टर्बो मोड गुपचूप स्वतःचा १०० च्या आसपास ऑफसेट (मूळ क्लॉकवरची वाढ) लावतो आणि तुझा कर्व्ह पुसतो.

२. गेम दहा मिनिटं चालवून कार्ड गरम कर, मग आलेख उघड. थंड कार्डावर तोच ठिपका थोडा वर दिसतो, म्हणून थंडपणी १७५० लावलंस तर गरम झाल्यावर एक-दोन पायऱ्या खाली मिळेल. एक पायरी १५ मेगाहर्ट्झची.

३. कोअर ऑफसेट आधी –२०० कर, अप्लाय. मग ८०० मिलिव्होल्टचा ठिपका धरून १७५० वर ने, परत अप्लाय. उजवीकडचे सगळे ठिपके आपोआप सपाट झाले पाहिजेत. एखादा वर राहिला तर शिफ्ट दाबून तो भाग निवड आणि खाली ओढ. हा सपाटपणाच तुझा लोडिंग स्क्रीनचा क्रॅश घालवतो, कारण उडी मारायला वरचं टोकच उरत नाही.

४. चाचणीला फरमार्क हे कार्डावर भार टाकणारं सॉफ्टवेअर नको. त्यात कार्ड वॉटला बांधलं जातं आणि क्लॉक खालीच राहतो, वरचा ठिपका तपासलाच जात नाही. युनिजिन सुपरपोझिशन फुकट आहे, ते अर्धा तास. त्यानंतर खरा गेम, मधूनमधून ऑल्ट-टॅब करत, म्हणजे भार वर-खाली होईल. पडलं तर १७३५, मग १७२०. टिकलं तर क्लॉक तोच ठेवून ७८७, मग ७७५ मिलिव्होल्ट करून बघ. प्रत्येक चिप वेगळी, दुसऱ्याचे आकडे उचलून लावू नकोस.

५. 'विंडोज सुरू होताना लावा' हे बटण दोन-तीन दिवस दाबू नको. तोवर काहीही झालं तरी रीस्टार्ट केलं की सगळं मूळ जागी येतं.

मेमरीचं नंतर. ऑफसेट +१०० च्या पायरीने चढव. आफ्टरबर्नरला ७००० दिसतंय त्याचे ७५०० झाले की १४ चे १५ जीबीपीएस होतात, १९२ बिट बसवर ३३६ चे ३६० जीबी प्रतिसेकंद. पण ही वाढ त्याच ११५ वॉटच्या ताटातलं खाते. ३०६० लॅपटॉपमध्ये मेमरीचं तापमान दिसतही नाही, म्हणून +४००-५०० वर थांबावं. ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी एकही चूक दाखवत असेल तर १०० मागे. पडद्यावर ठिणग्या किंवा रंगीत चौकोन दिसेपर्यंत थांबायचं नसतं.

खानापूर_रात्रपाळी

मेमरीच्या मुद्द्यावर थोडं वेगळं मत. १०८० पिक्सेलला ६ जीबी कार्डावर +५०० ने दोन-तीन टक्क्यांच्या वर काही मिळत नाही, आणि ते वॉट कोअरला दिले तर तेवढंच मिळतं. बाहेरचा १४४० चा मॉनिटर लावला असेल तरच त्या भानगडीत पडा.

सीपीयूचं (प्रोसेसरचं) कुणी लिहिलंच नाही. या लॅपटॉपांत तांब्याच्या नळ्या दोघांत सामाईक असतात. ५८००एच बूस्टमध्ये ४.४ गिगाहर्ट्झवर जाऊन तीच नळी तापवतो आणि जीपीयूला जागा उरत नाही. पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा. बूस्ट बंद होतो, ३.२ वर थांबतो. बहुतेक गेममध्ये कळतही नाही. व्हॅलोरंटसारख्या सीपीयूवर चालणाऱ्या गेमला मात्र फ्रेम पडतात, त्याच्यासाठी वेगळा पॉवर प्लॅन करून ठेवा.

लाईट जाते त्याचंही धरा. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, कार्डाचे वॉट एकदम तोडले जातात आणि त्या क्षणी अस्थिर कर्व्ह असेल तर हमखास पडतो. चाचणीत एकदा गेम चालू असताना चार्जर काढून, परत लावून बघा. इन्व्हर्टरवर खेळायचं असेल तर भाराचा हिशोब २०० वॉट नुसत्या लॅपटॉपचा धरा. टाइप-सी चार्जरवर तर हे कार्ड पूर्ण वॉट घेतच नाही.

वडगाव_माग

झालं. पंख्यामागून सुताची अख्खी पट्टी निघाली, पेचकसवाल्यांनी सांगितली तशीच. शीट लावलं, ७८७ ला १७३५, सीपीयू ९९ टक्के, मेमरी शून्य. ३२ डिग्रीच्या खोलीत तासभर खेळल्यावर ७७, हॉटस्पॉट ८८, वॉट ९५, क्लॉक हलत नाही. आता थंडीत हेच ठेवू की वाढवू? डिसेंबरात खोली २० वर येते.

टिळकवाडी_कर्व्ह

खोली १२ डिग्रीने उतरली की तेवढ्याच वॉटला कार्डही जवळपास तेवढंच उतरतं, म्हणजे ६५-६६. तेव्हा ८५० ला १८३० चं वेगळं प्रोफाइल २ नंबरला सेव्ह कर आणि उन्हाळ्याचं १ नंबरला राहू दे. फक्त मार्च उजाडला की १ वर यायचं विसरू नको, थंडीत पास झालेलं प्रोफाइल एप्रिलात पास होईलच असं नाही. आणि मागाजवळ आहेस तर तळ दर चार महिन्यांनी उघड. शीटला हात लावायची गरज नाही, नुसते पंखे काढ.

खडेबाजार_पेचकस

पंखे काढताना तळाचे स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या-त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की कीबोर्डाच्या बाजूने वर फुगवटा येतो.