परातीत ज्वारी ओतून लेकराला खेळू द्यावं का?

जुळे सोलापूरची आई
मुलगा अडीच वर्षांचा आहे. बालवाडीतून सांगितलं होतं की हाताला वेगवेगळे स्पर्श होतील असे खेळ घरी द्या. मी जुनी चादर अंथरली, परातीत दोन किलो ज्वारी ओतली आणि तळाशी एक वाटी पुरून ठेवली. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारं पोर कोपरापर्यंत हात घालून वीस मिनिटं गप्प बसलं. मूठ भरायची, हळूच सोडायची, पुन्हा भरायची. नंतर तो परातीत उभाच राहिला. सासूबाईंनी परात उचलली, "अन्नात पाय घालतात का गं?" त्यांचं ऐकू की बालवाडीचं?

मंगळवेढ्याचा शेतकरी
ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्याकडे रब्बीची मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. पाऊस दगा देतो ते वर्ष कोरडंच. काढणीला माणसं वाकून ताटं हातानं उपटतात, तळहात सोलून निघतात. त्या दाण्यात पाय घातलेला मला बघवत नाही. स्पर्शच द्यायचा तर काळी माती द्या की. भिजली की चिकट लोणी, वाळली की दगड. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आम्ही तिचेच बैल करायचो.

बालवाडीच्या बाई
दादा, तुमच्या कष्टाला नमस्कार. पण लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नाव लिहितात, तेव्हा अन्नाचा अपमान होतो का? इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंनी खरखरीत-गुळगुळीत पट्ट्या आणि खरकागदाची अक्षरं केली ती याचसाठी: आधी बोटाला कळतं, मग पेन्सिलीला. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, तेव्हापासून हा विचार आपल्याकडे रुजतो आहे. माझ्या वर्गात काही मुलं चिखलाला हात लावायला रडतात, कारण घरी कुणी हात मळूच दिलेले नसतात. पाय नको म्हणा, पण हात अडवू नका.

वॉर्डातली सिस्टर
मान-अपमान राहू द्या, मला भीती दाण्याचीच आहे. नाकात घातलेला हरभरा आम्ही कितीदा बघितलाय. तो आत ओलाव्यानं फुगतो, घरचे पिनेनं काढायला जातात आणि आणखी आत ढकलतात. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर जीवावरच बेततं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरात आणूच नका, पोटात गेले तर आतडं अडवतात. तीन वर्षांच्या आत सुटं धान्य नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. अहो, सोलापुरात राहता! टेरी टॉवेलचे फासे, चादरीची जाड वीण, धुऊन मऊ पडलेलं धोतर द्या. डोळे मिटून ओळखायला सांगा.

बालवाडीच्या बाई
सिस्टर, मोठं माणूस शेजारी बसलेलं असलं तरीही नको?

वॉर्डातली सिस्टर
फोन वाजला की ते माणूस उठतं. तेवढा वेळ पुरतो.

मंगळवेढ्याचा शेतकरी
बाई, तांदळात नाव लिहिताना हात धुतलेले असतात आणि ताटाला आधी नमस्कार होतो. तो खेळ नव्हे.

जुळे सोलापूरची आई
सिस्टर, परात बंद केली. काल संध्याकाळी सासूबाई भाकरी करत होत्या. हा शेजारी जाऊन बसला. त्यांनी स्वतःच त्याचे हात धुतले आणि गरम पाण्यात मळलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा हातावर ठेवला. कोमट पीठ बोटांना चिकटलं तसं त्यानं तोंड वाकडं केलं, मग कोरडं पीठ लावून दोन्ही हातांनी थापायला लागला. कडा फाटलेली, तळहाताएवढी भाकरी झाली. सासूबाईंनी वरून पाण्याचा हात फिरवला, तव्यावर टाकली, उलटून चांगली भाजली. शेंगाचटणीला हात न लावता त्यानं ती कोरडीच संपवली.

वॉर्डातली सिस्टर
कच्चं पीठ चाटू देऊ नका आणि तव्यापासून लांब बसवा. बाकी हे मला पटलं.

मंगळवेढ्याचा शेतकरी
खाल्ली ना, मग माझी तक्रार नाही. परातीबद्दलचं मत मात्र तेच.