केमिस्ट्री शिकलात, पण प्रयोगशाळेत नाही? बडोदेकरांनो, अनुभव लिहा

बडोद्यात बीएस्सी किंवा एमएस्सी केमिस्ट्री झालेल्या मुलाला घरीदारी एकच प्रश्न येतो, "क्यूसीत कुठे लागलास?" क्यूसी म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणारी प्रयोगशाळा. या प्रश्नात नवल नाही. अलेंबिक १९०७ पासून इथे आहे, कोयलीची रिफायनरी १९६५ ला सुरू झाली, खतांची जीएसएफसी आणि पेट्रोकेमिकल्सची आयपीसीएलही त्याच दशकातल्या. नंदेसरीपासून खाली अंकलेश्वर-दहेजपर्यंत कारखानेच कारखाने. पण प्रत्येक कारखान्यामागे एक ऑफिस असतं आणि तिथेही केमिस्ट लागतात, हे मुलांना कुणी सांगतच नाही. कुणाचं सॉल्व्हंटच्या वासाने डोकं धरतं, कुणाला रात्रपाळी झेपत नाही, कुणाला मुळात लिहायची-वाचायची जास्त आवड असते. प्रयोगशाळा नको म्हटलं की त्यांना थेट बँकेच्या परीक्षेचे क्लास सुचवतात. एवढा जीव लावून शिकलेला विषय असा टाकून द्यायला लावणं मला अजिबात पटत नाही.

म्हणून हा धागा. दिवसभर नेमकं काय करता, त्यात केमिस्ट्री कुठे लागते, शिरकाव कसा झाला आणि अडलं कुठे, ते लिहा. पगाराचे आकडे नकोत, कंपनीचं नाव नको.

सुरुवात मी करते. मी एसडीएस, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, तयार करते. मालासोबत जाणारा हा १६ विभागांचा दस्तऐवज. आग लागली तर काय वापरायचं, डोळ्यात गेलं तर काय करायचं, वाहतुकीत माल कुठल्या वर्गात मोडतो, सगळं त्यात. मिश्रण असेल तर घटकांच्या टक्केवारीवरून धोक्याचं वर्गीकरण काढावं लागतं, आणि यातच खरा वेळ जातो. युरोपात वर्षाला १ टन किंवा जास्त माल जाणार असेल तर २००७ पासून लागू असलेल्या रीच या रसायनांच्या कायद्याची नोंदणीही बघायची.

नवीन आलेल्यांना मी आधी सीएएस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक, तपासायला शिकवते. अॅसिटोनचा नंबर ६७-६४-१. यातला शेवटचा आकडा पडताळ्याचा. उरलेले उजवीकडून घ्या: ४ गुणिले १, ६ गुणिले २, ७ गुणिले ३, ६ गुणिले ४. बेरीज ६१, एकम स्थानी १, म्हणजे जुळलं. नाही जुळलं तर टाइप करताना आकडे पुढेमागे झालेत. तो कागद तसाच गेला आणि उद्या गोदामात आग लागली, तर बंबवाल्यांना त्या नंबरवरून काहीच सापडणार नाही. एवढ्यासाठी हे काम मला मोलाचं वाटतं.

रेग्युलेटरी, वाघोडिया रोड

ताई, धागा काढलात, फार बरं झालं. मी औषधांच्या कच्च्या मालाचं, म्हणजे एपीआयचं, रेग्युलेटरी काम, म्हणजे सरकारी मंजुरीची कागदपत्रं, बघते. अमेरिकेसाठी डीएमएफ (ड्रग मास्टर फाईल), युरोपसाठी सीईपी हे प्रमाणपत्र. अर्जाच्या मांडणीला सीटीडी म्हणतात, त्याचे पाच मॉड्यूल. आम्हा केमिस्टांचं घर म्हणजे तिसरं, गुणवत्तेचं मॉड्यूल. त्यातला ३.२.एस.३.२ हा अशुद्धींचा विभाग नीट लिहिता आला की तुमची किंमत वाढते.

लोकांना वाटतं, क्यूसीने पाठवलेले रिपोर्ट एकत्र करून अपलोड करायचे, झालं काम. तसं नाही. २०१८ साली व्हालसार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे कर्करोगाचा धोका असलेलं नायट्रोसामाईन सापडलं आणि जगभर बॅचेस परत मागवल्या गेल्या. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या क्वेरींचा सूरच बदलला. "तुमच्या रूटमध्ये (औषध बनवायच्या पायऱ्यांमध्ये) नायट्रोसामाईन तयार होऊ शकतं का, कारणांसह सांगा." आता याचं उत्तर कुठल्याही मशीनवर आयतं मिळत नाही. रूट समोर घेऊन बसायचं. या पायरीत डीएमएफ (इथे फाईल नाही, डायमिथाइलफॉर्मामाइड) हे सॉल्व्हंट आहे, त्यात थोडं डायमिथाइलअमाइन असणार. टेट्राझोल रिंग करताना वापरलेलं जादा अझाइड संपवायला सोडियम नायट्राइट टाकलंय. वर आम्ल आहे. झालं, एनडीएमएची सगळी सामग्री एका भांड्यात! आमच्या मालात नायट्राइट नसेल तरी सॉल्व्हंट रिकव्हर्ड, म्हणजे एकदा वापरून परत मिळवलेलं, आहे का, तो बाहेरून शुद्ध करून येतो का, तिथे दुसऱ्यांचा मालही येतो का, हे प्रॉडक्शनला आणि पर्चेसला खोदून खोदून विचारायचं. एनडीएमएची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम आहे. इतक्या बारीक गोष्टीचा माग खुर्चीत बसून काढायचा, तर ऑरगॅनिक पक्कंच हवं.

शिरकाव क्यूए (गुणवत्ता हमी) डॉक्युमेंटेशनमधून झाला. बीएमआर, म्हणजे प्रत्येक बॅचच्या नोंदी, तपासणं, ठरल्यापेक्षा काही वेगळं घडलं तर त्याच्या नोंदी, बदलांची मंजुरी असं करत करत इकडे आले. थेट फ्रेशर म्हणूनही घेतात, पण प्लांट आधी पाहिलेला असला की क्वेरीचं उत्तर हवेत लिहिलं जात नाही.

डेडलाइनचा ताण मात्र भरपूर. उत्तर वेळेत गेलं नाही तर फाईल अडकते आणि सगळं मार्केटिंग डोक्यावर बसतं.

पर्चेस, मकरपुरा

नमस्कार. मी सॉल्व्हंट आणि इंटरमीडिएट्सची खरेदी बघतो. भाव गुजरातीत, मेल इंग्रजीत, आईचा फोन आला की मराठी. आमच्या टीममध्ये कॉमर्सवाले जास्त, आणि घासाघीस ते माझ्यापेक्षा चांगली करतात, हे मनापासून सांगतो. पण एकदा टीएचएफ या सॉल्व्हंटची एक स्वस्त ऑफर आली. सीओए (तपासणीचा दाखला) पाहिला, शुद्धता उत्तम, पाण्याचं प्रमाण कमी. माल खराब होऊ न देणाऱ्या स्टॅबिलायझरचा, म्हणजे बीएचटीसारख्या पदार्थाचा, उल्लेखच नव्हता. फोन करून विचारलं, "बीएचटी आहे का?" म्हणाले, नाही, तुम्हाला प्युअर पाहिजे ना! बीएचटीशिवायचं टीएचएफ हवेच्या संपर्कात येऊन आमच्या मे महिन्यात गोदामात पडून राहिलं असतं, तर पेरॉक्साइड झालं असतं, आणि ते ऊर्ध्वपातनाच्या वेळी स्फोट घडवतं. ऑर्डर दिली नाही. साहेबांना कारण समजावून सांगितलं, त्यांनाही पटलं.

बीएस्सीवर हे काम मिळतं. माणसांशी बोलायची हौस मात्र पाहिजे.

पेटंट, अलकापुरी

मी पेटंट सर्च आणि ड्राफ्टिंग करतो. आधी एक गैरसमज काढून टाकतो: पेटंट एजंट व्हायला एलएलबी लागत नाही. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी, भारतीय नागरिकत्व आणि २१ वर्षं पूर्ण, एवढं असलं की परीक्षेला बसता येतं. दोन लेखी पेपर आणि तोंडी. प्रत्येक पेपरात निम्मे आणि एकूण ६० टक्के लागतात. गुजरातचे अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे जातात.

आपल्याकडे २००५ पासून औषधांना प्रॉडक्ट पेटंट मिळू लागलं आणि केमिस्टांना या क्षेत्रात मागणी आली. कायद्याचं कलम ३(डी) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप, म्हणजे नवा क्षार, नवा पॉलिमॉर्फ (स्फटिकाची वेगळी रचना), गुणकारिता वाढल्याचं दाखवल्याशिवाय पेटंटला पात्र नाही. २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाबद्दलचा निकाल त्यावरच. माझा निम्मा दिवस मार्कुश स्ट्रक्चर वाचण्यात जातो. एका सांगाड्यावर आर-१, आर-२, आर-३ अशा जागा, आणि प्रत्येक जागी काय बसू शकतं याची पानभर यादी. आपल्या क्लायंटचा रेणू त्यात येतो की बाहेर राहतो, ते ठरवायचं. कॉलेजात स्टिरिओकेमिस्ट्रीने ज्यांची झोप उडवली नाही, त्यांना हे काम फार आवडेल.

एकटं बसून वाचायचं काम आहे. पर्चेसवाल्या दादांसारखी बडबड लागत नाही.

एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन

थोडक्यात लिहिते. एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठीचा मालाचा क्रमांक, ठरवणं (२८ वा अध्याय इनऑरगॅनिक, २९ वा ऑरगॅनिक, ३२ वा रंगद्रव्यं), धोकादायक मालाचं डिक्लरेशन, वाहतुकीसाठीचा यूएन नंबर. अॅसिटोन असेल तर यूएन १०९०, वर्ग ३. कोड चुकला तर कंटेनर बंदरात पडून राहतो आणि भाडं चढत जातं. काम तेच तेच असतं, पण संध्याकाळी वेळेवर घरी येते, आणि मुलं लहान असताना मला तेच हवं होतं.

एक तक्रार

फार्माकोव्हिजिलन्सच्या, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या, कोर्सबद्दल सावध करायचंय. एका संस्थेने बीएस्सी केमिस्ट्रीवर हमखास नोकरी सांगून बरीच फी घेतली. मुलाखतींना गेल्यावर बहुतेक ठिकाणी फार्मसी किंवा लाइफ सायन्सेस मागितलं. साहजिक आहे, तिथे औषधाच्या दुष्परिणामांच्या केसेस वाचायच्या असतात, रेणू नाही. फी भरण्याआधी नोकरीच्या जाहिरातीतली पात्रता स्वतः वाचा. वडिलांनी पीएफमधून पैसे काढले होते, म्हणून कळकळीने लिहितोय.

शेवटच्या वर्षातली विद्यार्थिनी, फतेगंज

सगळ्यांचे आभार. मला रेग्युलेटरी किंवा पेटंट आवडेल असं वाटतंय. एमएस्सी करू की आधी एखादा डिप्लोमा? घरचे म्हणतात, आता खर्च पुरे.

रेग्युलेटरी, वाघोडिया रोड

बाळा, झेपत असेल तर एमएस्सी ऑरगॅनिक कर, दोन्हीकडे उपयोगी पडेल. आपल्या विद्यापीठात डिप्लोमापेक्षा कमी खर्चात होत असेल तर प्रश्नच नको. तोवर पैसे न घालता दोन गोष्टी कर. आयसीएच या औषधांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वेबसाइटवर सगळ्या मार्गदर्शिका फुकट आहेत, अशुद्धींबद्दलच्या क्यू३ए आणि एम७ उतरवून घे. आणि घरात आजी-आजोबांची जी गोळी चालू असेल, तिचं पेटंट फुकट शोधता येतं, ते वाच. त्यातल्या संश्लेषणाच्या प्रत्येक पायरीला कुठली अशुद्धी मागे राहू शकते, ते एका कागदावर उतरव. पहिल्यांदा अर्धंच जमेल, चालेल. इथे टाक. पेटंटवाले दादा आणि मी मिळून तपासून देऊ.