प्रति: देणगीदारांची नावं जाहीर करण्याबद्दल

बातम्या खऱ्या की खोट्या हे तपासणाऱ्या ऑल्ट न्यूज या संकेतस्थळाने प्रत्येक देणगीदाराचं नाव जाहीर करावं, लपवायचं काही नसेल तर भीती कशाला, हा इथल्या चर्चेतला मुद्दा अर्धाच पटतो. मोठा पैसा कुणाचा हे कळलंच पाहिजे, तिथे सूट नको. पण पाचशे रुपये देणाऱ्या शिक्षकाचं नाव यादीत टाकून वाचकाला काय कळणार? २०२२ मध्ये ऑल्ट न्यूजचा सहसंस्थापक मोहम्मद झुबेरच्या अटकेनंतर रेझरपे या ऑनलाइन पेमेंट कंपनीने देणगीदारांची माहिती पोलिसांना दिली तेव्हा साधी माणसं किती घाबरली होती ते आठवा, आणि त्यांनी काही गुन्हा केला नव्हता हो!

इथे अजून कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, ऑल्ट न्यूज चालवणारी प्रावदा मीडिया फाउंडेशन ही सेक्शन ८ कंपनी आहे, म्हणजे नफा वाटून घेता येत नाही आणि दरवर्षी ताळेबंद कंपनी निबंधकाकडे भरावाच लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) साइटवर शंभर रुपये फी भरली की तो कुणालाही बघता येतो, संस्थेची परवानगी लागत नाही. त्यात देणगीदारांची नावं नसतात पण एकूण जमा किती, पगारावर किती गेले हे दिसतं. आणि नावांसाठी आयएफसीएन या फॅक्ट-चेक संस्थांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा नियम मला योग्य वाटतो, मागच्या वर्षीच्या उत्पन्नाच्या पाच टक्के किंवा जास्त ज्यांच्याकडून आलं ते स्रोत उघड करायचे. तिथूनच तर दबाव येऊ शकतो ना, मग मागणी करायची तर तिथे नेमकी करू, सरसकट नको.