'व्हाइट लाय'ला मराठीत काय म्हणायचं?

अनुस्वार:
एका प्रश्नावलीतलं विधान: 'समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून मी व्हाइट लाय बोलतो/बोलते.' उत्तरं 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशा पाच पायऱ्यांवर. पहिल्या खर्ड्यात 'पांढरं खोटं' होतं. मूळ न पाहिलेल्या भाषांतरकाराने ते परत इंग्रजीत नेलं, तर निघालं 'धादांत खोटं'! हिंदीतलं 'सफेद झूठ' डोक्यात असणार. तिथे त्याचा अर्थ नेमका उलटा. दुसरा शब्द हवाय.

मात्राशून्य:
'निरुपद्रवी असत्य'. उगाच रंग कशाला?

खडीसाखर:
बोलताना असं कोण म्हणतं? शिवाय 'निरुपद्रवी' म्हटलं की निकाल आधीच लागला. 'लेख छान झालाय' ऐकून त्याने तो तसाच पुढे पाठवला आणि साभार परत आला, तर उपद्रव झालाच की. शब्दातून हेतू कळावा, परिणाम नको. 'भिडेखातर खोटं' कसं वाटतं?

जोडाक्षर:
भीड आणि मन राखणं एक नाही. जायचं नसताना 'येतो नक्की' म्हणणं ही भीड. त्यात सुटका बोलणाऱ्याची होते. बेसूर गाण्याला 'आवाज छान लागला' म्हणणं हे मन राखणं, ते ऐकणाऱ्यासाठी. एरात आणि ग्नीझी या संशोधकांच्या २०१२च्या प्रयोगात काहीशी अशीच विभागणी आहे: बोलणाऱ्याला झीज सोसून दुसऱ्याचं भलं करणारं खोटं, आणि दोघांच्याही फायद्याचं खोटं. दोघांचाही फायदा असताना खोटं बोलायला नकार देणारेही त्यात बरेच निघाले.

मात्राशून्य:
मग 'वेळ मारून नेणे' कुठे बसवणार?

जोडाक्षर:
'बघू', 'कळवतो' यांत शब्दशः खोटं काही नसतं, पण दिशाभूल असू शकते. मानसशास्त्रज्ञ बेला डेपॉलो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली लोकांच्या रोजनिशीवरून खोटं बोलण्याची मोजदाद केली, तेव्हा व्याख्याच 'मुद्दाम दिशाभूल करणं' अशी दिली होती. विद्यार्थ्यांत सरासरी दिवसाला दोन, इतरांत एक. 'खोटं' हा शब्द थेट छापलात तर 'कळवतो' म्हणणारा स्वतःला त्यात धरणारच नाही आणि तुमचे आकडे खाली येतील.
त्यापेक्षा नामच टाळा: 'एखादी गोष्ट आवडली नसली, तरी आवडली असं सांगतो/सांगते.' एका विधानात एकच प्रसंग. आणि त्यात 'कधीकधी' घालू नका. ते घातलं तर 'कधीकधी सांगतो: नेहमी' असलं उत्तर हाती येतं.

खडीसाखर:
म्हणजे शब्द शोधायचाच नाही? ही पळवाट झाली.

पोटफोड्या:
आपल्याकडे 'सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्' आहेच की. प्रिय बोला, झालं.

मात्राशून्य:
अर्धाच श्लोक! मनुस्मृतीत पुढे 'प्रियं च नानृतं ब्रूयात्' आहे. गोड असलं तरी खोटं बोलू नये. तुम्ही ज्याला परवानगी समजताय, ती बंदी आहे. अप्रिय सत्य बोलू नका म्हणजे गप्प राहा, इतकंच.

पोटफोड्या:
महाभारत मात्र सूट देतं.

मात्राशून्य:
यादी वाचा: थट्टेत, स्त्रियांशी, विवाहाच्या वेळी, प्राणसंकटात, सर्वस्व लुटलं जाताना. 'वाईट वाटू नये म्हणून' हे कारण त्यात कुठेच नाही. आणि आदिपर्वात हे सांगते शर्मिष्ठा, ययातीला वळवताना. वकील स्वतःच्याच खटल्यात उभी आहे.

पोटफोड्या:
बरं, मग 'नरो वा कुंजरो वा'?

खडीसाखर:
ते कसलं मन राखणं! द्रोणांनी शस्त्र खाली ठेवावं म्हणून केलेली ती दिशाभूल. हत्ती खरोखर मेला होता, म्हणून वाक्य खरं, फसवणूक पुरती. हल्ली मराठीत त्याचा अर्थ 'कुठलीच बाजू न घेणं' एवढाच उरलाय.

मात्राशून्य:
उरलेला नाही, चुकीने रुळलेला. युधिष्ठिराने बाजू घेतलीच होती.

जोडाक्षर:
रुळला म्हणजे अर्थच तो. 'मंत्री नरो वा कुंजरो वा करत राहिले' हे वाचून हत्ती कुणाला आठवतो?

मात्राशून्य:
मला.

अनुस्वार:
मंडळी, पाच पायऱ्यांतली मधली 'कधीकधी' ठेवू की 'अधूनमधून'?