बेसिक गणिताची खरी मेख

या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की सीबीएसईसारखे गणिताचे सोपा आणि अवघड असे दोन पेपर आपल्या राज्य बोर्डानेही काढावेत, म्हणजे गणिताची भीती जाईल. भीती कमी होते हे खरं, पण अभ्यास कमी होत नाही हे इथे कुणी लिहिलं नाही. सीबीएसईत स्टँडर्ड (अवघड) आणि बेसिक (सोपा) असे दोन पेपर २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून आले. दोन्हींचा अभ्यासक्रम एकच, वर्ग एकच, शाळेकडचे २० गुणही सारखेच. वेगळा असतो तो फक्त ८० गुणांचा पेपर. आणि आपल्याकडे राज्य मंडळात 'सामान्य गणित' हे सोपं गणित होतंच की! पुढे ते बंद केलं.

माझ्या भाचीने बेसिक घेतलं, कारण शाळेत फॉर्म भरून घेताना "कॉमर्सला जायचंय ना, मग बेसिकच टाक" एवढंच सांगितलं. निकाल लागला आणि भाचीबाईंना सायन्सची हुक्की आली. मूळ नियम असा की अकरावीला गणित हवं तर दहावीला स्टँडर्ड हवं. नंतर काही वर्षं यात सूट मिळाली, तो भाग वेगळा. पण बेसिक पास झालेल्याला कंपार्टमेंट परीक्षेच्या (निकालानंतरच्या पुरवणी परीक्षेच्या) वेळी स्टँडर्डचा पेपर देता यावा, ही तरतूद पहिल्यापासून होती. कंपार्टमेंट म्हणजे नापासांची परीक्षा असं समजून आम्ही तिकडे फिरकलोच नव्हतो. शेवटी शेजारच्या एका शिक्षकांनी सांगितलं, तोवर फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस उरले होते.