मदत हवी आहे : चालणं जमतंय, लोकांचं बोलणं झेपत नाही

नमस्कार मंडळी,

वय ३६, मुक्काम कोल्हापूर, बँकेत नोकरी, उंची ५ फूट २ इंच, वजन ९४ किलो. आकडे आधीच देऊन टाकते, नाहीतर पहिले चार प्रतिसाद तेच विचारण्यात जातील. डाएटचे सल्ले मात्र या धाग्यावर नकोत, हात जोडून विनंती. मेथीचे दाणे, जिऱ्याचं पाणी, मध-लिंबू सगळं करून झालंय. दीक्षित की दिवेकर हा वादही कृपया दुसरीकडे घाला.

बँकेचा जिना चढताना धाप लागायची आणि बीपी काठावर आलं, म्हणून पावसाळा संपल्यावर सकाळी रंकाळ्यावर चालायला सुरुवात केली. जिना आता सहज चढते. झोप छान लागते. वजनाचा काटा जवळपास जागच्या जागी आहे, पण मला चालायला आवडायला लागलंय आणि ते बंद पडू नये एवढंच माझं मागणं आहे.

अडचण लोकांची आहे. बाईकवरून "ए टेम्पो, साइड दे" ओरडून जाणारी पोरं एक वेळ परवडली, ती निघून तरी जातात. न जाणारे जास्त जड पडतात. संध्यामठाच्या बाजूला काकालोकांचा एक कंपू बसतो. मी दिसले की रोज, "शाब्बास बाळ, अजून एक फेरी मार!" माझ्या पुढेमागे चालणाऱ्या सडपातळ बायकांना कोणी शाब्बासकी देत नाही. त्या चालायला आलेल्या असतात आणि मी बारीक व्हायला, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. हीच मंडळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर फेसाळ पेले रिचवत असतात. तिथं मी पेला हातात घेतला की, "आता सगळी मेहनत पाण्यात की हो!"

गंमत बघा, याच गावात शंभरावर वजनाचा पैलवान तालमीतून बाहेर पडला की लोक अदबीनं वाट देतात. वजनाचं वावडं कोणालाच नाही, फक्त ते बाईच्या अंगावर असू नये.

जिमही करून बघितली. पहिल्याच दिवशी ट्रेनर म्हणाला, "मॅडम, एक आधीचा फोटो काढू, सहा महिन्यांनी भिंतीवर लावू." भिंतीवर लागायची हौस नव्हती, परत गेले नाही. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे गेले तर गुडघ्याला हातही न लावता, "वीस किलो कमी करा, मग बघू." गुडघ्याचं काय झालंय ते अजून मला माहीत नाही. आणि मागच्या वर्षी डेंग्यूनं अंथरुणाला खिळले होते, तेव्हा बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, "बाकी काही म्हण, तोंड छान उतरलंय तुझं!"

घरी सासूबाई म्हणतात, "लोकं बघत्यात, घरातच सूर्यनमस्कार घाल की." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयातल्या २४ टक्के बायकांचं वजन जास्त निघालं, म्हणजे चौघींत एक. रंकाळ्यावर सकाळी एवढ्या दिसत नाहीत. बाकीच्या बहुतेक घरातच सूर्यनमस्कार घालत असाव्यात.

तर विचारायचं ते हे. त्या क्षणी काय बोलावं, की काहीच बोलू नये? भांडण नको आहे, रोजचीच तोंडं आहेत. डॉक्टरांकडून गुडघा कसा तपासून घ्यायचा? आणि एक लाजेचा प्रश्न : मांड्या घासून सोलवटतात, त्यावर काय करता?

घाटमाथा : ताई, डाएटचं नको म्हणालात तरी राहवत नाही. फक्त साखर आणि मैदा बंद करून बघा. माझे सहा किलो

धागाकर्ती : पहिलाच प्रतिसाद! घाटमाथा, तुम्ही संध्यामठाजवळ बसता का हो?

पिंपळपान : मांड्यांचं आधी, कारण तो लाजेचा प्रश्न नाहीच. ट्रॅकपँटच्या आत गुडघ्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट घाला, घट्ट आणि शिवण आतल्या बाजूला नसलेली. सुती नको, घामानं भिजली की तीच कापते. निघायच्या आधी पेट्रोलियम जेली लावा. बायकांच्या विभागात मापाची शॉर्ट मिळत नसेल तर सरळ पुरुषांच्या विभागात जा, मी तेच करते. दुकानदार "घरच्यांसाठी का?" विचारतो. हो म्हणायचं.

बोलण्याचं म्हणाल तर माझा अनुभव असा की उत्तर छोटं आणि रोज तेच असावं. "मी वजनासाठी नाही येत, मला चालायला आवडतं." एवढंच, हसून, पाय न थांबवता. थांबलात की व्याख्यान सुरू होतं.

करवीरकर : त्यापेक्षा शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जावा की. झाडी आहे, मोकळं आहे, कोण कुणाकडं बघत नाही.

पिंपळपान : म्हणजे बोलणारे बसून राहणार आणि चालणारीनं जागा बदलायची?

करवीरकर : तसं नव्हे वहिनी. पण चार दिवस डोक्याला शांतता मिळाली तर वाईट काय? भांडायचं बळही कुठनंतरी यायला लागतं.

ठाणे_लोकल : विषय नाजूक आहे, पण विचारतो. वजनानं मधुमेह-बीपी होतं हे तर खरं ना? काका लोक काळजीनंच बोलत असतील. प्रत्येक गोष्टीला हिणवणं म्हणायला लागलो तर कोणी कोणाला काही सांगायचंच नाही.

वाटी_सरकली : मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

ठाणे_लोकल, धोका खरा आहे आणि तो आपल्या लोकांत लवकर सुरू होतो, म्हणून भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. पण लाज वाटून वजन उतरतं, हे मात्र खरं नाही. टोचून बोललेली माणसं व्यायामाला यायची बंद होतात आणि दवाखानाही टाळतात, हे आम्ही रोज बघतो. २०२० मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र निवेदन काढून हेच सांगितलं होतं : वजनावरून होणाऱ्या अवहेलनेनं शरीराचं आणि मनाचं, दोन्हींचं नुकसान होतं. काळजी असेल तर काकांनी बाकावरून उठून सोबत चालावं.

आता गुडघा. डॉक्टरांना शांतपणे विचारा, "हेच दुखणं बारीक पेशंटला असतं तर तुम्ही काय तपासलं असतं? तेवढं माझंही तपासा." उद्धटपणा वाटत नाही आणि टाळताही येत नाही. दुखणं गुडघ्याच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, जिना उतरताना जास्त की चढताना, सूज येते का, गुडघा अडकतो का, हे लिहून न्या. वजनाचा भार गुडघ्यावर येतो हे खरंच, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ दिलं तर वजन तेवढंच असतानाही दुखणं कमी होऊ शकतं. तपासल्याशिवाय व्यायाम मात्र इथं लिहून देणार नाही. गुडघा गरम लागला, सुजला किंवा पाय टेकवेना झाला तर वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. बीपी मोजताना दंडाला मोठा पट्टा मागा. जाड दंडावर लहान पट्टा आवळला तर बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. तुमचं काठावरचं बीपी एकदा योग्य पट्ट्यानं मोजून घ्या.

आणि काटा हलत नाही म्हणून चालणं वाया गेलं असं नाही. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं चाललात तर बीपी, साखर, झोप सगळ्याला फायदा होतो, वजन उतरो न उतरो. जिना हा तुमचा काटा समजा.

घाटमाथा : माफ करा ताई. प्रतिसाद अर्धा राहिला होता, आता पुरा करत नाही.

धागाकर्ती : घाटमाथा, राग नाही. :)

मोठ्या पट्ट्याचं खरंच माहीत नव्हतं, याच आठवड्यात मोजून घेते. गुडघ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, लिहून न्यायची यादी तयार आहे. करवीरकर, शनिवार-रविवार विद्यापीठ आणि बाकीचे दिवस रंकाळा असं करते, माझ्या घरापासून रंकाळाच जवळ आहे आणि तो मी सोडणार नाही.

पिंपळपान, तुमचं वाक्य आज वापरलं. काकांपैकी एक म्हणाले, "आवडतं? मग ठीक आहे." दुसरे म्हणाले, "तरी पण एक फेरी वाढव." म्हणजे निम्मा कंपू फुटला.

सासूबाईंना काय सांगायचं ते मात्र कोणीच लिहिलं नाही. सुना-सासवांनी जरा मनावर घ्या.